बाजू नमूद नाही

टोलेडोत जानेवारी. मॉमी नदी गोठली आहे
आणि मी तळघरात, दोन पडद्यांसमोर बसून
लोकांचे गुडघे आकड्यांत उतरवते.

सकाळचा पहिला कागद: पुरुष, वय अठ्ठावन्न,
काचकारखान्यातून निवृत्त.
नाव मला दिसतं, सांगायची मुभा नाही.
डॉक्टरांनी लिहिलंय:
गुडघा बाहेरच्या अंगाला वाकलेला. दुखतो.
सहा आठवड्यांनी परत.
बस्स.

कोणता गुडघा?
जन्मापासून, की मागाहून?
लहानपणी मुडदूस झाला होता का?
पुस्तकात प्रत्येकाचं घर वेगळं आहे,
उजव्याच्या शेवटी एक, डाव्याच्या शेवटी दोन,
आणि लिहिणारा विसरला तर नऊ.
नऊ म्हणजे: पाय होता, बाजू नव्हती.
विमा कंपनीला नऊ आवडत नाही.
खरं सांगायचं तर मलाही.

व्यायाम करवून घेणाऱ्या बाईंनी मागच्या पानावर लिहिलंय,
दोन्ही बुटांच्या टाचा बाहेरून झिजल्यात.
म्हणजे मला कळलं.
पण मला कळून चालत नाही,
डॉक्टरांनी लिहावं लागतं.
मी पत्र पाठवते: कृपया बाजू स्पष्ट करावी.
प्रश्नातून उत्तर सुचता कामा नये, असा नियम आहे,
म्हणून बुटांचा उल्लेख खोडते.

माझ्या डोक्यावर, स्वयंपाकघरात, अप्पा चालतायत.
सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेत,
त्यातला दीड महिना बर्फ बघण्यात गेला.
एकतीस वर्षं सांगली ते जत, एसटीच्या डब्यात उभे,
एका हातात तिकिटांचा ट्रे, दुसऱ्यात चिमटा,
दांडी धरायला तिसरा हात नव्हता
म्हणून पायच फाकवून रोवायचे.
आता ताठ उभे राहिले तरी
दोन गुडघ्यांमधून मांजर निघून जाईल, शेपटी न दुमडता.

चहा घेऊन खाली आले. एकेक पायरी, कठडा धरून.
विचारलं, दिवसभर हे काय करतेस?
सांगितलं.
"म्हणजे वेबिल," म्हणाले.
"वेबिलात नाही तो उतारू बसलाच नाही.
चेकर माणसं बघत नाही गं, आधी आकडा बघतो."
मग खुर्ची ओढून, "माझा काय आकडा?"

"कोणता पाय?"
"दोन्ही."
"दोन्हींना मिळून एक नाही, अप्पा. प्रत्येकाचा वेगळा."
"मग फाड दोन फुल. हाफ नको."
"जन्मापासून होते असे?"
"छे. भरतीच्या वेळी डॉक्टरनं भिंतीला उभं केलं होतं,
काठीसारखा सरळ होतो."
"मग कमावलेले," मी म्हणाले.

पुस्तकातला शब्द तसाच आहे,
माझ्या तोंडून मराठीत असा पडला.

अप्पांनी कप खाली ठेवला.
पायजम्यावरून दोन्ही गुडघ्यांवर तळवे ठेवून
बराच वेळ बघत राहिले,
कॅश भरायला आणल्यावर चिल्लर बघावी तसे.
"कमावलेले," म्हणाले.
"फंडाच्या हिशोबात मात्र कुणी धरले नाहीत."
आणि हसले. मी हसले नाही,
कारण दुसऱ्या पडद्यावर तेवढ्यात नवा कागद आला होता
आणि मी त्याच्याकडे बघत होते.
हे नंतर आठवलं.

चार वाजता डॉक्टरांचं उत्तर आलं. एकच शब्द: दोन्ही.
मी दोन आकडे लिहिले, एकाखाली एक,
शेवटी एक, शेवटी दोन.
काचवाल्या माणसाला कळणारही नाही
की आज त्याचे पाय पुरे झाले.

वर पुन्हा पावलं. कुकरची शिट्टी.
आता मला ऐकू येतं,
उजवं जड पडतं, डावं त्याची वाट बघतं.
हे लिहायला रकाना नाही.