शेळीचं वर्ष

मला वर जाता येत नाही. त्या कड्यावर बायकांना मनाई.
म्हणून पोथीच खाली आली,
चामड्याच्या दोराला बांधलेल्या टोपलीत, घोंगडीत गुंडाळून,
आणि तिच्यामागे, कातळाला पाय टेकत, अब्बा झेमिकाएल,
पंच्याहत्तरीचे, धापही न टाकता.

म्हणाले, आमच्या संतानं ही एका दिवसात लिहिली.
संध्याकाळ झाली तरी शुभवर्तमान अर्धंच होतं,
तेव्हा सूर्य थांबला,
शेवटच्या पानाची शाई वाळेपर्यंत.

मी काही बोलले नाही.
समासातून नखाएवढे दोन तुकडे घेतले,
एक पहिल्या पानाचा, एक शेवटच्या जुडीतला,
ब्लेडनं, श्वास धरून.
त्यांनी तोंड फिरवलं, रक्त तपासायला देताना
माणसं फिरवतात तसं.

उत्तरेकडच्या एका थंड शहरात तुकडे जाळले. जाळावेच लागतात.
दीड महिन्यानं कागद आला: आकडे, पुढे अधिक-उणे तीस.
पहिलं पान तेराशे वर्षांचं.
शेवटचं सहाशे.
एका दिवसाची सातशे वर्षं झाली.

सांगायला गेले तेव्हा ओठ कोरडे होते. खरं सांगायचं तर
थोडी हौसही होती.
माझ्या भावाला तापात आई पवित्र पाणीच पाजत राहिली,
दवाखाना दोन तासांवर होता.
ते मी विसरलेले नाही.

अब्बा खडकावर बसून भाजलेलं जव खात होते.
'अकराव्या जुडीपासून अक्षर बदलतं,' म्हणाले,
'शाई तपकिरी होते. पोरवयापासून माहीत आहे मला.'
मग दरवर्षी सूर्य का थांबवता?
ते बराच वेळ चावत राहिले.
'सणाला तेच वाचायचं असतं.'
हे उत्तर नव्हतं. दोघांनाही कळलं.

मग त्यांनी विचारलं, तुझा आकडा नेमका कशाचा?
शेळीचा, मी म्हणाले.
तिनं शेवटचं गवत खाल्लं, त्या वर्षाचा.
'शब्दांचा नाही?'
शब्द यंत्रात घालता येत नाहीत.

ते हसले. मला वाटलं, जिंकल्यासारखे. चूक माझी.
त्यांनी पोथी उघडली. एका पानाच्या भोकाला
ठिगळ होतं, टाके जाडेभरडे.
'हे मी लावलं, सतरा वर्षांचा होतो.
तांबडी शेळी, डाव्या शिंगाचा टवका उडालेली.
काप याचा कोपरा. बघू, तुझं यंत्र मला ओळखतं का.'

ओळखलं. म्हणजे जवळजवळ.

त्या वर्षांत दूरच्या वाळवंटांत, बेटांवर
लोक अणुबाँब फोडून बघत होते.
ते वारं साऱ्या जगाच्या गवतात उतरलं,
या डोंगरावरच्याही.
शेळीनं खाल्लं.
शुभवर्तमानाच्या एका ठिगळात त्याची नोंद आहे,
कुणी हातानं न केलेली.

कागद म्हणाला: त्रेसष्ट किंवा सदुसष्ट.
आलेखाची रेघ डोंगरासारखी चढते आणि उतरते,
दोन्ही उतारांवर तोच आकडा सापडतो.
कुठला खरा, हे यंत्राला सांगता येत नाही.

अब्बांनी बोटांची पेरं मोजली.
आमचं पंचांग जगाच्या सात-आठ वर्षं मागे चालतं.
'एकोणसाठ,' म्हणाले. 'त्या वर्षी टोळ आले होते,
आणि शेळी मारावी लागली, कारण तिला चारा नव्हता.
मी रडलो होतो. ते लिहू नकोस.'
म्हणजे जगाचं सदुसष्ट.

मी वहीत सदुसष्ट लिहिलं.
पुढच्या रकान्यात आधार विचारलेला असतो.
तिथं लिहिलं: अब्बा झेमिकाएल, तोंडी.

पोथी वर निघाली, टोपली कातळावर आपटत, गिरक्या घेत.
तिच्यात अजूनही तो एकच दिवस आहे.
खाली सूर्य नेहमीच्या वेळी बुडाला.
मी घड्याळ पाहिलं होतं.