प्रश्न सव्वीस

विडी घरकुलात दुपारी तीनला
पत्रे तापून टकटक वाजतात.
टॅबची बॅटरी एकोणीस टक्के
आणि अजून अकरा घरं.

प्रश्न सव्वीस :
तुमच्याकडे कामासंबंधी एखादं प्रमाणपत्र
किंवा परवाना आहे का?
होय, एक. नाही, दोन. सांगता येत नाही, आठ.

नरसव्वा गड्डम मान वर न करता म्हणतात,
"कसलं प्रमाणपत्र?"
मांडीवर सूप, सुपात ओली पानं,
कात्री फर्म्याच्या कडेनं फिरते, थांबत नाही.

मी मार्गदर्शिका वाचून दाखवते :
जे एखादी संस्था देते,
ज्याला मुदत असते,
आणि जे परत काढून घेता येतं, ते.

"काढून घेता येतं?"
त्या तेलुगूत सुनेला काहीतरी सांगतात. सून हसते.
मला त्यातलं एकच कळतं :
चेतुलु. हात.

मग मराठीत, माझ्यासाठी :
"रोज संध्याकाळी परीक्षा असते माझी.
चेकर मूठभर उचलतो, अंगठ्यानं दाबतो,
ढिली लागली की छाट.
बेचाळीस वर्षं. लिही ते."

लिहायला जागा नाही.
मी दोन दाबते.

शेजारी सिद्राम येमूल, माग बंद पडल्यापासून घरीच.
डोळे मिटून सांगायचे म्हणे
चोवीसातला कुठला धोटा अडखळतोय.
ते मात्र पेटीतून खरंच एक कागद काढतात,
प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी दुसऱ्या पिशवीत :
वायरमनचा परवाना.
मुदत अठ्ठ्याण्णव सालीच संपलेली.
संपलेला असेल तर दोन, असा नियम आहे.
मी त्यांच्यासमोर दाबत नाही,
जिन्यात जाऊन दाबते.

त्यांच्या मुलाकडे सात आहेत, सातही लॅमिनेट केलेली.
टायपिंग, टॅली, फायर सेफ्टी,
एक तर अशा संस्थेचं जिथं आता मोबाइलचं दुकान आहे.
होय, होय, होय, माझं बोट आनंदानं चालतं.
पुढचा प्रश्न : सध्याच्या कामात याचा उपयोग होतो का?
"सध्या काम..." तो म्हणतो,
आणि टॅब आपणहून
तो प्रश्न गाळून पुढं जातो.

बाटली विसरली म्हणून परत गड्डमांच्या दारात.
"तुझ्याकडं आहे का गं,
हे असं विचारत फिरायचं प्रमाणपत्र?"

होटगी रोडच्या हॉलमध्ये एक दिवस शिकवलं,
सांगते मी. चहा आणि वेफर्स दिले.
प्रमाणपत्र तीनशे घरं भरल्यावर.

"म्हणजे तू पण दोन."

सूप सरकवतात माझ्याकडं. बस.
पान ओलं, गार, माझ्या बोटांपेक्षा शहाणं.
तंबाखू एका टोकाला जास्त, दुसऱ्या टोकाला नाहीच,
दोरा दोनदा सुटतो.

नरसव्वा ती घेतात,
अंगठ्यानं दाबतात
आणि काही न बोलता बाजूला टाकतात.

बॅटरी सात टक्के.