उजळणी, चार हजार मीटरवर

पहाटेचे साडेचार. एल आल्तोचं आकाश अजून कच्चं.
आई पातेल्यात जांभळ्या मक्याची आपी ढवळते आहे,
आणि मी तेलाच्या रिकाम्या डब्यावर बसून
पेशीची आकृती काढते आहे,
हातमोज्यातून फक्त दोन बोटं बाहेर.
परीक्षा आठला. प्रकरणं अकरा.
सात येतात. दोन येतात असं वाटतं.

पेशीपटल: आत कोणाला घ्यायचं ते ठरवतं,
शेजारच्या गाड्यावरच्या दोन्या एउलालियासारखं,
जिला उधारीवाला कोपऱ्यावर असतानाच वास येतो.
केंद्रक: सूचना. रायबोसोम: प्रथिनं.
तंतुकणिका: ऊर्जा.
गॉल्जी पिंड...
इथे येऊन मी नेहमीच अडते.
चपट्या पिशव्यांची चळत काढते, नाव लिहिते,
कामाची जागा कोरी.

परासरणाला उदाहरण म्हणून
मी चुन्यो लिहिला होता चाचणीत:
जूनमध्ये मामाच्या गावी बटाटे रात्रभर उघड्यावर गोठतात,
सकाळी आम्ही ते अनवाणी तुडवतो, पाणी निथळतं.
प्रोफेसर सारसुरींनी लाल शाईत लिहिलं:
हे परासरण नव्हे. बर्फाने पेशी फुटतात. शून्य.
बरोबर आहे त्यांचं.
पण टाचेखाली फुटणाऱ्या पेशींचा आवाज
त्या वर्गात मी एकटीनेच ऐकलेला होता.

पहिलं गिऱ्हाईक, मिनिबसचा पोऱ्या,
पेला दोन्ही हातांत धरून विचारतो, काय घोकतेस?
रक्त, मी म्हणते. इथे हवा विरळ,
म्हणून आपल्यात लोहित पेशी जास्त.
"म्हणजे आपण श्रीमंत," तो म्हणतो,
आणि सुटे नाहीत म्हणून पन्नास सेंटाव्हो कमी देतो.

मग अर्धसूत्री विभाजन. मोठ्याने, कारण
मोठ्याने म्हटलं की थंडी कमी वाजते:
सेहेचाळीसचे तेवीस, आईकडून अर्धे...
पळी थांबते.
"अर्धे? मग माझे उरलेले अर्धे कुठे टाकलेस?"

पुस्तकात याचं उत्तर आहे. ध्रुवीय पिंड.
इवलासा असतो, विरून जातो.
मी ते सांगत नाही.

"आणि त्याचे?"
त्याचे म्हणजे बाबांचे. ब्युनॉस आयर्सला शिवणकामाला गेले,
पहिल्या वर्षी दोन फोन, दुसऱ्या वर्षी एक.
"त्यांचेही अर्धे."
"काही न करता?"
"काही न करता."
आई हसते, की वाफेने तोंड फिरवते, कळत नाही.

मी घाईने पान उलटते. हे बघ, तंतुकणिका.
या मात्र फक्त आईकडून येतात.
एल्मेरमधल्या, माझ्यातल्या, सगळ्या तुझ्याच.
"काय करतात?"
साखर जाळतात. त्यातून ताकद, ऊब.
आई पातेल्यात बघते, मग माझ्याकडे,
मग पळीभर साखर आणखी टाकते,
विषय संपल्यासारखी.

साडेसहा. इयिमानीवर ऊन आलं,
केबल कारचे पाळणे हलायला लागले.
मी वह्या भरते. आई बुन्युएलो कागदात गुंडाळते:
चार माझे, निळ्या दोऱ्याने बांधून;
दोन बाजारातल्या हमालाचे, लाल दोऱ्याने;
एक पुडी प्रोफेसरांची, दोन गाठी मारून,
"म्हणजे वाटेत तू खाणार नाहीस."
लिहिता येत नाही तिला धड. तिच्या पुड्या चुकत नाहीत.
आतून तयार होऊन आलेलं घ्यायचं,
बांधायचं, खूण करायची,
ज्याचं त्याच्याकडे धाडायचं.

मी पाळण्यात चढते. दार आपोआप लागतं,
खाली विटांची लाल घरं उतरत जातात ला पाझकडे.
वही उघडते. पिशव्यांच्या त्या चळतीसमोर
कोऱ्या जागेत
दोन बोटांनी, हलत्या अक्षरात, लिहिते
काम.