शून्य नंबर

लुमिर म्हणतो, ग्रीस भर आणि विसरून जा.
तीस वर्षं तो तेच करत आला:
पंपाचं तोंड भोकाला लावायचं,
वरून तपकिरी उतू आलं की बूच घट्ट.
भरलं म्हणजे भरलं.

काल मी बूच काढलं, टॉर्च धरला.
पेटी भरलेली होती खरी.
कडेनं ग्रीस, लोण्याच्या गोळ्यासारखं,
आणि मधोमध मळसूत्र फिरत होतं
स्वतःच खणलेल्या बोगद्यात,
कोरडं ठाक.
दातांनी एकदा बाजूला सारलेलं
परत आलंच नव्हतं.
चाकोरी अशीच पडते.
भोवती सगळं असतं,
लागत काहीच नाही.

तेलाचीही गोष्ट सांगते.
ट्रॅक्टर एकेचाळीस सालचा,
खालच्या दांड्याला सील म्हणजे नमद्याची चकती,
तिचा आता केसांचा पुंजका उरलाय.
नव्वद नंबरचं तेल शनिवारी ओतलं,
सोमवारी ते गोठ्याच्या फरशीवर,
मंगळवारी मांजराच्या पायांनी
स्वयंपाकघरात.

दुकानातला कोल्टन विचारतो, सिरीयल नंबर?
म्हटलं, बाळा, तो खरवडून गेला
तुझा आजोबा रांगत होता तेव्हा.
त्यानं एक बाटली पुढे केली, नव्या गाड्यांची,
फार ताकदीची म्हणे.
बूच उघडून हुंगली: गंधक.
पितळी बूशला हे आधी काळं करील,
मग सावकाश खाईल.
चौतीस वर्षं प्लॅट नदीकाठच्या पोस्टात काढली मी,
पार्सल न फोडता सांगायचे आत काय आहे:
साबण, बियाणं,
कोंबडीची पन्नास पिल्लं.
बाटली परत ठेवली.

रात्री प्लमच्या मुरांब्याची चार झाकणं घेतली,
प्रत्येकात एकेक चमचा.
नव्वद. एकशेचाळीस. लुमिरचं दोन नंबर ग्रीस.
आणि मक्याच्या कापणीयंत्रात घालतात ते,
सायीसारखं सैल, शून्य नंबर.
चारही कठड्यावर ठेवली आणि झोपले.
बाहेर उणे सव्वीस.

सकाळी झाकणं तिरकी केली.
नव्वद जरा विचार करून माझ्या बाहीवर आलं.
एकशेचाळीस हललं नाही,
ते तेल नव्हतंच आता, डांबर होतं.
दोन नंबरवर बोटानं रेघ ओढली;
रेघ तशीच राहिली,
दुपारीही होती, संध्याकाळीही.
शून्यावरही ओढली,
आणि कॉफीचा कप घेऊन बसले बघत.
कडा आत कलल्या,
कुणी झोपेत कूस वळावं तशा.
कप संपला तेव्हा रेघ कुठे होती
मला दाखवता आली नसती.
काडीनं ढवळलं तर पातळ होतं ते,
सोडलं की आपोआप जमून बसतं.

दोन दिवस लुमिरचं ग्रीस खरवडलं
लाकडी चमच्यानं, रॉकेलनं.
तळाशी पितळेचा कीस निघाला, चिमूटभर, चमकदार.
तो मी फेकला नाही. का, ते माहीत नाही.
मग शून्य ओतलं. हो, ओतलं.
चाक डावीकडून उजवीकडे वीसदा फिरवलं,
खांदे दुखेपर्यंत,
आणि विसाव्या वेळेला खडखड थांबली.
पाव वळसा ढिलाई अजून आहे,
ती वंगणानं जात नाही.

संध्याकाळी वृद्धाश्रमातून त्याचा फोन,
रोजच्यासारखा, साडेसहाला.
“व्लास्ता, ग्रीसच घातलंस ना?”
“ग्रीसच घातलं.”
“बघ. मी सांगत होतो.”
“हो,” म्हटलं. “कितवा नंबर ते विचारू नकोस.”
पलीकडे बराच वेळ टीव्हीचा आवाज.
“शून्य?” तो म्हणाला.
“त्याचा काय भाव पडला?”

पेटीखाली पुठ्ठा ठेवलाय.
आज सकाळी त्यावर एक ठिपका,
खसखशीच्या दाण्याएवढा.
मांजर हुंगून गेलं.