झोळी

टार्बर्टहून फेरीने शॅनन ओलांडली तेव्हा
नदी तव्यासारखी सपाट होती.
पडायला काही कारणच नव्हतं, एवढंच सांगते.
उतरताना लोखंडी फळीच्या खाचेत
पुढचं चाक गेलं, आणि मी चाकाच्याही पुढे.
आवाज मलाच आधी ऐकू आला,
कोरडी काटकी पायाखाली यावी तसा.

कॉहल, माझा धाकटा भाऊ, धावत आला
आणि त्याने आधी सायकल उचलली.
हे मी त्याला मरेपर्यंत ऐकवणार आहे.

एनिसच्या दवाखान्यात कळलं: डावी हासळी, दोन तुकडे.
मी डावरी.
डॉक्टरीण माझ्या लेकीहून लहान.
"सहा आठवडे," म्हणाली,
आणि माझ्या गळ्यात झोळी बांधून दिली.

मिझनच्या टोकाहून निघून पाच दिवस झालेले,
मॅलिनचं टोक अजून सात दिवसांवर.

आई गेली त्याआधीच्या नऊ रात्री
आमच्या घरी एक नर्स यायची, दहाच्या ठोक्याला.
बूट दारात काढायची, खुर्ची पलंगाशी ओढायची.
आम्ही झोपायचो. अक्षरशः झोपायचो.
त्या रात्रींचे पैसे कुणी मागितले नाहीत,
म्हणून हा सगळा खटाटोप.
किलोमीटर कुणीच मोजत नव्हतं.
डबा हलवून ओरान, कॉहलचा पोरगा, सांगायचा:
"चार रात्री झाल्या," "साडेपाच."
वरची अर्धी कुणाला द्यायची
यावर जेवताना भांडणं.

आता मी व्हॅनमध्ये, ब्रीजच्या शेजारी,
मांडीवर डबा. खड्डा आला
की नाणी आणि हाड एकदमच बोलतात.
पुढे एव्हा, माझी लेक, चढ चढतेय.
तिची पाठ इतका वेळ मी कधी पाहिली नव्हती.
दमली की डावा खांदा टाकते, आईसारखा.
मी ब्रीजला सांगणार होते,
पण ती गिअरशी झटत होती.

गॉलवेत मी तोंड सोडलं.
केस कोण विंचरणार यावरून सुरू झालं
आणि "तुम्हाला मी ओझंच" इथवर गेलं.
एव्हाने कंगवा घेतला, काही न बोलता
गुंता काढत राहिली. दुखलं. बरं वाटलं.

मेयोत, गुरांच्या बाजाराबाहेर,
सगळे डबे घेऊन उभे. मी गाडीला टेकून, रिकामी.
शेणाने माखलेल्या बुटांचा एक म्हातारा आला,
मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं,
आणि पाच युरोची नोट घडी करून
सरळ माझ्या झोळीत सरकवली, मनगटापाशी.
"तुझी भांडी मोठी दिसतेय," म्हणाला.
हसायला गेले आणि कळवळले.
मग त्याच्या मागचा माणूसही थांबला.
संध्याकाळी हात बाहेर काढला तर
नाणी, एक बटण, आणि पेपरमिंट.

त्या रात्री स्लायगोत झोप येईना.
डाव्या कुशीवर वळता येत नाही, उताणं श्वास अडतो,
गोळीला अजून दोन तास.
दार वाजलं नाही, नुसतं उघडलं.
एव्हा. बूट बाहेर काढलेले.
तिने खुर्ची पलंगाशी ओढली.
"उद्या तुला एकशे दहा किलोमीटर जायचंय," मी म्हटलं.
"माहीत आहे."
पाण्यात नळी धरली, उशी खांद्याखाली सारली,
आणि आईच्या जुन्या शेजाऱ्यांच्या
कोंबड्यांबद्दल काहीबाही सांगत बसली.
कधीतरी मी झोपले. अक्षरशः झोपले.

सकाळी ओरानने डबा टेबलावर ओतला.
"एकवीस."
"बावीस," मी म्हटलं.
त्याने पुन्हा मोजलं. मग पुन्हा, नाण्यांचे मनोरे रचून.
"एकवीसच होतायत, आत्या."
कॉहलने चहातून मान वर केली,
एव्हाच्या तांबारलेल्या डोळ्यांकडे पाहिलं.
"लिही बावीस," म्हणाला, "वरचे मी घालतो."

वही माझ्याकडे होती.
उजव्या हाताने लिहिलं, वाकडंतिकडं,
दुसरा दोन पहिल्याहून जरा बरा आला.