निचरा

वायव्येच्या तुकड्यात यंदा पुन्हा पाणी साचलं.
मे उजाडला, सगळ्या शिवाराला वाफसा आला,
तेवढ्या पाऊण एकराला नाही.
ट्रॅक्टर वळसा घालून नेला,
घरी आलो आणि सळई काढली.

नळांचा नकाशा आमच्याकडे नाही.
पणजोबा रेंट हार्बर्ट्स फ्रिसियाच्या किनाऱ्यावरून आले
तेव्हा आयोवातला हा पट्टा कुणालाच नको होता.
गुडघाभर पाणी, माणूस बुडेल एवढं गवत, डास.
दलाल म्हणाला, बदकं पाळा.
समुद्राला बांध घालून जगलेल्या माणसाला
ही चेष्टा कळली नसावी.
त्यानं एकशेसाठ एकर घेतले.

नळ पुरले ते आजोबांनी, ओकोंनी.
भाजक्या मातीचे, फूटभर लांबीचे, एकापुढे एक,
चार फूट खोल, हातफावड्यानं,
पेरणी आणि काढणीच्या फटीत, अकरा वर्षं.
कुठे वाहावं हे पाण्यालाही कळू नये अशा सपाट रानात
उतार त्यांनी नुसत्या डोळ्यांनी जोखला.
वडील म्हणायचे, दोरी चुकेल, ओको चुकायचे नाहीत.
त्यांची रेघ म्हणजे रेघ.

अठरा साली हुकूम निघाला:
चर्चमध्ये, रस्त्यात, टेलिफोनवर फक्त इंग्रजी.
आजोबा टेलिफोनवर बोलेनासे झाले, ते मरेपर्यंत.
घंटा वाजली की गेस्केआजी उचलायची,
हे शेजारी उभे राहून मान हलवायचे.
भाषा आधी तारेतून गेली, मग प्रार्थनेतून,
मग स्वयंपाकघरातून, कुणी हाकलली नसताना.
माझ्या वाट्याला चहा आला.
कपात खडीसाखर, चहा पडताच तिचं तडकणं,
वरची साय ढवळायची नाही,
तिसऱ्या कपाआधी उठायचं नाही.
डार्लीन नॉर्वेजियनांची, कॉफीवाली.
चाळीस वर्षं एका शेगडीवर दोन किटल्या.
आता एकच आहे.

तर, सळई.
हातहातभर अंतरावर खुपसत गेलो, सरळ, रेघेप्रमाणे.
माती, माती, माती.
दोन दिवस.
तिसऱ्या दिवशी वाळुंजाच्या पलीकडे
लोखंडाला खापर लागलं.

रेघ वाकली होती.
झाडाच्या पन्नास फूट अलीकडेच कलली,
मोठा वळसा घेऊन पुन्हा आपल्या जागी आली.
सहज कापता आलं असतं तेव्हा.
मनगटाएवढं असेल फार तर.
मूळ खोड मी शाळेत असतानाच पडलं,
आता आहेत ते फुटवे.

रात्री बायबल काढलं. कोऱ्या पानावर आठ नावं.
सातवं: त्रिंत्ये. मार्च तेरा. नोव्हेंबर सोळा.
शेजारी जुन्या वळणाची एक ओळ,
जी आता मला वाचता येत नाही,
आणि वाचून दाखवील असं इथे कुणी राहिलेलं नाही.
वडिलांच्या तोंडून हे नाव मी ऐकलं नाही.
चर्चमागे आमच्या सगळ्यांचे दगड आहेत.
हिचा नाही.

सकाळी खणलं.
वाळुंज शंभर वर्षं पाण्याकडे चालत आलं होतं.
फुटक्या नळातून ओढली तर
निघाली सहा फुटांची मुळी, तांबूस, बारीक तंतूंची,
वेणीसारखी पिळलेली.
ती बादलीत ठेवली. का, ते माहीत नाही.

मंगळवारी यंत्र येणार आहे, प्लॅस्टिकचा पाइप घेऊन.
मी नारिंगी झेंडे रोवून ठेवलेत.
भाचा ट्रेंट बांधावर उभा राहून बघत राहिला.
सरळ का नाही? झाड कापू, दुपारभराचं काम.
असा पाइप किती जास्तीचा लागेल!
म्हटलं, लागू दे. आणखी लांबून ने.

मग घरी येऊन चहा टाकला.
तो दुसऱ्या कपालाच उठला.