क्रमांक सतरा

फुजैरात, तिसऱ्या मजल्यावर,
मी भागधारकांची वही सांभाळतो.
खिडकीत तेलाच्या टाक्या,
उपड्या पातेल्यांसारख्या पांढऱ्या.

क्रमांक सतरा: कृष्णाबाई टेंबुलकर, वय ब्याऐंशी,
व्यवसाय गृहिणी. नऊ टक्के.
समुद्र त्यांनी कॅलेंडरवर पाहिला असेल.

परवा त्यांचे जावई आले. मंत्री.
पवनऊर्जेवर तासभर बोलले,
खजुराच्या बिया रुमालात बांधल्या,
आणि लिफ्टपाशी हळूच,
“तुम्ही आपल्याकडचेच ना?
सासूबाईंचा पत्ता तेवढा बदला.
मागच्या श्रावणात गेल्या त्या.”

मी बदलला.
अर्जावर सही त्यांचीच होती,
ठसठशीत, निळ्या शाईत, ओली.

कुंपणच शेत खातं म्हणतात.
इथे शेत कुठलं?
कुंपण आहे, तारा आहेत,
तारांवर मीठ.

पगार पंचवीस तारखेला होतो.